निरोगी आधी, रोगी शेवटी

समजा, तुम्हाला टोमॅटोच्या झाडाचं एक पान तोडायचं आहे. सोपं वाटतं ना? आता अटी ऐका. पानाला बोट लागता कामा नये. बाहीसुद्धा नाही. पान वाकवायचं नाही, त्यावर श्वास सोडायचा नाही, त्यावरचं दव सांडू द्यायचं नाही. डाव्या हातात चिमटा, उजव्या हातात कात्री. दोन्ही स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवरून फिरवलेली, आणि मग पुरती गार झालेली. कारण गरम कात्री लावलीत तर पानावर जे राहतात ते तिथल्या तिथे भाजून निघतील. देठ कापायचा, पान खाली पडायच्या आत थैलीत घ्यायचं, थैली बर्फाच्या पेटीत. मग पुन्हा स्पिरिट, पुन्हा ज्योत, पुढचं झाड. अशी दोनशे चाळीस पानं. एका सकाळी.

पहिल्या दिवशी मला एका पानाला चार मिनिटं लागली, आणि थैली बंद करता करता मी त्यावर शिंकलो.

"झालं," मामा म्हणाले. "हे पान आता तुझं. घरी घेऊन जा, वहीत दाबून ठेव. याच्यावर जे सापडेल ते सगळं तुझ्या नाकातलं."

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले शेतसहायक. हजेरीपटावर त्यांचं रीतसर नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून बघतात, दुसरं कोण आलंय म्हणून. सगळे त्यांना कात्रीमामा म्हणतात. चोवीस वर्षं ते पानं कापताहेत. त्यांना एका पानाला एक मिनिट लागतं, ज्योतीसकट. कापताना त्यांचा श्वास बंद असतो आणि थैली मिटली की सुटतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी उभं राहून तो ठेका कानाला कळायला लागला.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पानावरच्या वस्तीसाठी. आपल्याला दिसतं ते नुसतं हिरवं पान. पण त्याच्यावर लाखो जिवाणू राहतात, आणि त्यातले बहुतेक कुणाच्या अध्यात ना मध्यात. काही पानावर सांडलेल्या साखरेच्या अंशावर जगतात, काही एकमेकांच्या जिवावर, आणि एखादा झाडाला आजारी पाडतो. ऊन, दव, वारा, रोग, सगळ्यांचा या वस्तीवर परिणाम होतो. कसा आणि किती, हे शोधायचं तर आधी पान जसं आहे तसं प्रयोगशाळेत पोचलं पाहिजे. मामांचं काम एवढंच, आणि ते चुकलं तर पुढची सगळी यंत्रं नुसती वीज खातात.

शेताच्या फाटकावर एक पत्र्याची पाटी आहे. लाल रंगाने, जरा तिरक्या अक्षरात: निरोगी आधी, रोगी शेवटी. ती मामांनी लिहिलेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी उलट केलं होतं. आजारी वाफ्यात काम करून तशाच ओल्या बाह्यांनी निरोगी वाफ्यात शिरले. दहा दिवसांत तिथेही पानांवर काळे ठिपके. ज्यांचा तो प्रयोग होता त्या बाई त्यांना एक शब्दही बोलल्या नाहीत. वाफे उपटून जाळले, आणि महिन्याभराने काम सोडून गेल्या.

"ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं," मामा म्हणायचे. "मी त्याच संध्याकाळी रंगाचा डबा आणला."

तेव्हापासून नियम म्हणजे नियम. कुणी पाहुणे आले, कितीही मोठे असले, तरी मामा त्यांना फाटकात अडवून विचारणार, "आज कुठल्या आजारी झाडाला हात लावलाय का?" एकदा एका बड्या पाहुण्यांनी हसत हसत सांगितलं की सकाळी घरच्या गुलाबाची कीड काढली. मामांनी त्यांना बाहेर स्टुलावर बसवलं, चहा पाजला आणि शेत दुरूनच दाखवलं.

मामांच्या घरात पाच कात्र्या आहेत. तीन मामींच्या. मामी घरीच शाळेचे गणवेश शिवतात. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला टेकून निळ्या कापडाचे तागे, खुंटीवर बाह्या नसलेले दहा-बारा सदरे. कापडाच्या कात्रीला मामांनी हात लावायचा नाही, असा त्या घरातला कायदा आहे. "आयुष्यभर पानं कापतात," मामी मला म्हणाल्या, "आणि घरात कोथिंबीर निवडायला सांगितली की यांची पाठ धरते."

"कोथिंबिरीला निर्जंतुक कात्री लागत नाही ना, मग मन लागत नाही माझं," मामा आतून म्हणाले.

आता प्रयोगाचं सांगतो. आमच्याकडे एक संशोधक मुलगी होती. सगळे मामांना मामा म्हणतात म्हणून मामा तिला भाची म्हणायचे, आणि मग आम्हीही. भाचीचा प्रश्न असा: हवा तापत चालली आणि वर रोगही आला, तर पानावरच्या वस्तीचं काय होतं? त्यासाठी तिने चोवीस वाफे केले होते. बारा उघड्यावर. बारा उबघरांत, म्हणजे चारी बाजूंनी पारदर्शक पत्रा, वरून आकाश मोकळं, आणि आत हवा बाहेरपेक्षा अडीच अंश जास्त. दोन्हीकडचे निम्मे वाफे निरोगी, निम्म्यांवर ठिपक्यांच्या रोगाचे जिवाणू मुद्दाम फवारलेले. प्रत्येक वाफ्यातली दहा पानं, दर दहा-बारा दिवसांनी. असे दोन हंगाम. मामा आदल्या दिवशी दुपारी लेबलं लिहून थैल्यांना लावायचे आणि क्रमाने रचून ठेवायचे. सकाळी सहाला ते कापणार, भाची थैली धरणार. आधी सगळे निरोगी वाफे. आठच्या सुमाराला हात धुवून, कपड्यांवरचा झगा बदलून, मग रोगी वाफे. दहाला काम संपायचं. माझं काम त्यानंतरचं. धुतलेल्या पानांच्या पाण्यातून कोणकोणते जिवाणू निघाले त्याचे आकडे माझ्याकडे यायचे, आणि मी त्यांची चित्रं काढायचो.

दुसरा हंगाम संपत आला तेव्हा भाचीने एक मोठं चित्र छापून भिंतीवर लावलं. एका दिवशीचा एक वाफा म्हणजे एक ठिपका. ज्यांची वस्ती सारखी ते ठिपके जवळजवळ, ज्यांची वेगळी ते लांब. निरोगी निळे, रोगी लाल. निळे सगळे डावीकडे, लाल सगळे उजवीकडे. म्हणजे रोग आला की वस्ती पार बदलते. कुणालाही दाखवावं असं चित्र. शुक्रवारी प्रबंधाची शेवटची प्रत बाईंच्या हातात द्यायची होती. बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्यानंतर महिन्याभरात भाचीला दुसऱ्या गावी नोकरीवर हजर व्हायचं होतं. तिचं निम्मं सामान खोक्यांत भरलेलं होतं.

फक्त एक खोट होती. एका दिवसाचे बारा लाल ठिपके निळ्यांच्या बाजूला गेले होते. सहा अगदी आत शिरलेले, सहा काठावर.

मंगळवारी मामा बर्फाची पेटी ठेवायला आत आले आणि चित्रापाशी थांबले. "हे इकडे कशाला आलेत?"

भाची जरा घुटमळली. "काही नाही मामा. त्या दिवशी बहुतेक लेबलं अदलाबदल झाली असतील. एकच दिवस आहे. आम्ही तो वगळतोय."

"लेबलं मी लिहितो."

"हो, म्हणजे... चोवीस वर्षांत एखाद्या दिवशी होणारच ना. कुणी काही म्हणत नाहीये."

मामांनी मान हलवली, तारीख विचारली आणि गेले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. आमच्याकडे ही बातमी असते.

पुढचं मला मामींनी नंतर सांगितलं. मामा घरी आले ते सरळ पेटीकडे. त्यांच्या पानांच्या वह्या त्या पेटीत असतात. या वह्या त्यांना कुणी ठेवायला सांगितलेल्या नाहीत. तारीख, किती वाजता कोणता वाफा, कात्री कोणती, आणि समासात एक शब्द: ओलं किंवा कोरडं.

"काय हरवलं?" मामींनी मशीन चालवता चालवताच विचारलं.

"लेबल."

"वहीत?"

"माझं लेबल चुकलं नाही हे वहीत आहे. बघतोच आता."

आणि सापडलं. त्या दिवसाची प्रत्येक थैली, वाफ्याच्या क्रमाने, खुणेसकट. लेबल एकही चुकलं नव्हतं. मामी म्हणाल्या, यांचा चेहरा क्षणभर असा फुलला की आता चहा मागतील. पण ते तसेच पानावर बोट ठेवून बसले. मग मागची पानं उलटली. मग पुढची. मग दुसरी वही.

त्या दिवशी समासात लिहिलं होतं: ढग. ऊन नाही. दहा वाजता सगळं ओलं.

इतर जवळजवळ सगळ्या दिवशी निरोगी वाफ्यांपुढे लिहिलेलं होतं ओलं, आणि रोगी वाफ्यांपुढे कोरडं. असणारच. निरोगी सहाला कापलेले, दव असताना. रोगी आठनंतर, ऊन वर आल्यावर. दोन हंगाम. चोवीस वर्षं. नियमाप्रमाणे.

म्हणजे भिंतीवरचं ते चित्र निरोगी आणि रोगी पानांचं होतं, की ओल्या आणि कोरड्या? त्या बारा ठिपक्यांनी त्या दिवशी ओलं असण्यापलीकडे काहीच केलं नव्हतं, आणि ते निळ्यांकडे गेले.

"तुमची चूक नव्हती ना? मग झालं की," मामी म्हणाल्या.

"ती नव्हती. दुसरी निघाली. मोठी आहे."

"कुणाला कळलीये?"

"नाही. मी गप्प बसलो तर कळणारही नाही. एका दिवसाचं लेबल चुकलं म्हणतील, तो दिवस वगळतील, पोरगी शुक्रवारी मोकळी."

मामींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "हे मला विचारू नका. मी उलटी बाही लावलेला सदरा आजवर कुणाला दिलेला नाही, आणि रात्र रात्र उसवत बसले तेव्हा शिव्याही भरपूर घातल्यात. दोन्ही खरं आहे."

बुधवारी सकाळी मामा वह्या घेऊन आले. पिशवीत सात वह्या. भाचीच्या टेबलावर ठेवल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, मध्ये कुठेही "मला वाटतं" न म्हणता.

भाचीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, शुक्रवार परवा आहे."

"माहीत आहे."

"दोन वर्षं तुम्हीच सांगत होतात, निरोगी आधी! मी एकदा विचारलंही होतं, रोगी आधी केले तर काय होईल. तुम्ही मला पाटी दाखवलीत!"

"हो. मीच दाखवली."

ती दार ढकलून बाहेर गेली. बाहेरच्या नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मामा भिंतीकडे बघत उभे होते, हात मागे बांधून. मला काय करावं ते सुचेना म्हणून मी जे येतं ते केलं. वह्या उघडल्या आणि प्रत्येक ठिपक्यापुढे ओलं-कोरडं भरायला लागलो. तास गेला त्यात. मग चित्राचे रंग बदलले: ओलं एक रंग, कोरडं दुसरा. त्याला दोन मिनिटं लागली.

चित्र आधीपेक्षा स्वच्छ आलं. ठिपके दोन बाजूंना नीट उभे राहिले.

भाची ओल्या तोंडाने परत आली. पडद्याकडे पाहिलं. खुर्ची ओढली, पेन काढलं. "किती दिवशी ढग होते, मामा?"

"चार. पण तीन दिवशी नऊपर्यंत ऊन आलं होतं. ते ठिपके मधेच कुठेतरी लोंबकळत असतील, बघ."

होते. मधेच लोंबकळत होते.

"पण हे सहा बघा," ती हळूच म्हणाली. ढगाळ दिवसाचे ते काठावरचे सहा. "हे उबघरातले रोगी. हेही ओले होते. मग हे पूर्ण आत का नाही आले?"

मामा वाकले. "म्हणजे काहीतरी शिल्लक आहे."

"असेल. एका दिवसावरून कसं सांगू?"

आम्ही तिघं बाईंच्या खोलीत गेलो. बाईंनी दोन्ही चित्रं पाहिली, चष्मा काढला, पुन्हा घातला. मला वाटलं आता वीज कोसळणार. त्या मामांना म्हणाल्या, "पीक अजून किती दिवस उभं आहे?"

"अठरा."

"मग तुम्ही माझ्या खोलीत काय उभे आहात?"

अडचण अशी होती: सगळी पानं एकाच वेळी कापायची, तर निरोगी आधी कसं पाळायचं? आणि ते मोडलं तर चोवीस वर्षांपूर्वीचंच पुन्हा. मामांनी तोडगा काढला, तोही कागदावर न मांडता. चार जण, चार कात्र्या, चार पेट्या. निरोगी बाजूचे दोघं पुढच्या फाटकाने येणार-जाणार, रोगी बाजूचे दोघं मागच्या. दिवसभर कुणी कुणाच्या बाजूला जायचं नाही. चहासुद्धा वेगळा. शिट्टी वाजली की चौघांनी एकदम सुरुवात. एकदा सहाला दवात, एकदा अकराला कोरड्यात. म्हणजे दोन्ही बाजू ओल्याही मिळतील, कोरड्याही.

"रोगी उबघर मी घेतो," ते म्हणाले. "तिथे पान हळवं असतं. तुम्ही फाडाल."

चौथा माणूस मिळेना. शेवटी बाई स्वतः आल्या, पायात रबरी बूट, डोक्याला रुमाल. त्यांनी कात्री धरून बरीच वर्षं झाली असावीत. तिसऱ्याच पानाला त्यांनी सवयीने बोटाने उचललं.

"बाई, हात!" पत्र्याच्या पलीकडून मामा ओरडले. नजर हातातल्या पानावर असताना त्यांना हे दिसलं कसं, ते मला अजून उमगलेलं नाही.

"सॉरी, मामा."

"मला काय सॉरी. ते पान टाका आणि पुढचं घ्या. आणि श्वास धरा."

आमच्या विभागप्रमुखांनी निमूटपणे श्वास धरला.

अठरा दिवसांत पाच वेळा असं केलं. मामांचं वय आता गुडघ्यांत बोलतं. उबघरात अकराच्या उन्हात झगा, हातमोजे, तोंडाला फडकं, आणि पुढ्यात ज्योत. पण त्यांच्या एकाही थैलीतलं पान फाटलं नाही. माझी सात फाटली. संध्याकाळी ते मागच्या फाटकाने निघायचे, आमच्याकडे न येता लांबूनच हात करायचे आणि पुढच्या फाटकावरच्या आपल्या पाटीकडे एकदा बघून घ्यायचे.

आकडे आले. उघड्यावर निरोगी आणि रोगी पानांच्या वस्तीत, एकाच वेळी कापल्यावर, फरक अगदी थोडा उरला. भाचीच्या जुन्या चित्रातलं जे डोळ्यांत भरायचं ते बहुतेक दव होतं. पण उबघरातल्या रोगी पानांवर फरक टिकला. ओल्या सकाळीही, कोरड्या दुपारीही. आमच्या शेतात, आमच्या टोमॅटोवर, नुसती उष्णता आली तरी वस्ती सावरत होती, नुसता रोग आला तरी सावरत होती. दोन्ही एकदम आले की कोलमडत होती.

प्रबंध पाच महिने उशिरा गेला. नोकरीच्या गावच्या लोकांनी भाचीला दोन महिने जास्त थांबू दिलं, उरलेले दोन महिने ती तिथून सुट्टीच्या दिवशी लिहीत राहिली. पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य आहे: पानांच्या ओलाव्याच्या नोंदी शेतसहायकांच्या वह्यांवरून घेतल्या आहेत. मामींनी ते पान बघायला मागितलं. वाक्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "एवढंच?" मग स्वतःच म्हणाल्या, "पुरे. जास्त लिहिलं असतं तर कोथिंबिरीला हातच लावला नसता यांनी."

मामांच्या जागी मी असतो तर? त्या मंगळवारी निर्दोष ठरलो होतो, तेवढ्यावर वही मिटली असती, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांनी स्वतःच्या बाजूचा पुरावा शोधता शोधता स्वतःच्या विरुद्धचा पुरावा सापडल्यावर तोच उचलून आणला. पुस्तकात याला मोठी नावं आहेत. मामांना विचारलं तर म्हणतात, "समासात लिहिलं होतं, मग काय करणार?"

पाटी अजून तिथेच आहे. जुन्या ओळीखाली त्याच लाल रंगात नवी ओळ आली आहे: दोन्ही एकाच वेळी. दव लिहा. अक्षर तसंच तिरकं.

भाची मध्यंतरी भेटायला आली होती. आम्ही पानं धुण्याच्या टेबलाशी उभे होतो. पान थैलीत पाणी घालून यंत्रावर हलवतात, पाणी गाळतात, आणि गाळणीवर जे राहतं ते मोजतात. तिथे मामा एक कोरडं पान धुतलेली थैली उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होते.

"भाची, एक सांग. दवातलं पान धुतलं की हे मोप निघतात. कोरडं धुतलं की मूठभर. आपण लिहितो, कोरड्या पानावर कमी आहेत."

"हो."

"पण तुझ्या मामीचं पातेलं वाळलं की मला माहीत आहे. पाणी ओतून कितीही हलवा, जे चिकटलंय ते येत नाही. पातेल्यात नसतं म्हणून नाही."

भाची हसायला लागली आणि मध्येच थांबली.

"ऊन आल्यावर ते मरतात," मामा म्हणाले, "की शिरांच्या कडेला घट्ट धरून बसतात आणि आपल्या पाण्याला दाद देत नाहीत?"

"माहीत नाही, मामा."

मामांनी थैली खाली ठेवली, वही ओढली, आणि समासात काहीतरी लिहिता लिहिता विचारलं, "मग इतकी वर्षं आपण मोजलं कुणाला? पानावर राहणाऱ्यांना, की हात सोडणाऱ्यांना?"